जनूकाकांची वेबसाईट पहिल्या नंबरावर आली तेव्हा

शनिवारी दुपारी भिवंडीजवळच्या राहनाळला जनूकाकांचे पॉवरलूम भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत होते आणि मी बाजूला उभा होतो. माझं तिथं काही काम नव्हतं... पण काकांची वेबसाईट मी केलेली, त्यामुळे घरी बसवेना.

काका माझ्या नात्यातले नाहीत, वडिलांचे दोस्त. भातशेतीच्या कडेला त्यांच्या वडिलांनी बांधलेली शेड, तीत आठ लूम. माल घेणार दलाल आणि भाव ठरवणारही दलालच. वर लोडशेडिंग, सुताचे चढे भाव... काका मेटाकुटीला आले होते. मुलं म्हणत होती, लूम विका, शेड गोडाऊनला द्या. अर्ध्या गावानं तेच केलंय.

काकांना ते नको होतं. बाहेरगावचा व्यापारी थेट मिळाला तर लूम चालू राहतील, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून वेबसाईट. भिवंडीत वेबसाईट करून देणारा मी, म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी.

साईटवर काय टाकायचं ते काकांनीच ठरवलं. आठही लूम पुसून, तेलपाणी करून, रांगेत फोटो. शेडची लांबी-रुंदी, हायवेपासून किती जवळ तेसुद्धा. कापडाचा फोटो एकच, कोपऱ्यात. आमच्याकडे माणसाची पत लुमांवरून ठरते, कापडावरून नाही.

साईट झाली, पण सर्चमध्ये दिसेना. 'भिवंडी पॉवरलूम' टाकलं की नुसत्या बातम्या यायच्या, त्याही बहुतेक वाईट. राहनाळची लाईट गेली की काका भिवंडीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन बसायचे, माझ्याकडे इन्व्हर्टर होता. मग आम्ही दोघं एकेक पान उलटत कारखान्याला दिलेलं त्यांच्या वडिलांचं नाव शोधत बसायचो. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण ते नाव ओळखायचे.

मी टायटल बदललं, पानावर 'पॉवरलूम' आणि 'भिवंडी' नीट पेरलं, ऑनलाईन डिरेक्टऱ्यांमध्ये साईट टाकली, मित्रांच्या हातापाया पडून त्यांच्या साईटवर लिंक लावून घेतल्या. नाव हळूहळू वर सरकायला लागलं. पावसाळा संपता संपता ते पहिल्या पानावर आलं... मग पहिल्या नंबरावर. त्या दिवशी काकांनी आख्ख्या दुकानाला भजी खिलवली.

पहिला फोन आला तेव्हाही ते माझ्यासमोरच होते. मोठ्या उत्साहानं कापडाची क्वालिटी सांगायला लागले आणि मधेच फोन कानापासून लांब धरला. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू आलं, "सेठ, मशीन किलो पे दोगे या नग पे?"

काका हसले. राँग नंबर असेल म्हणाले. पण नंतरचे फोनही तसलेच... कुणाला लूम भंगारात हवे, कुणाला शेड. छताची उंची किती, कंटेनर आतपर्यंत येतो का. कापडाबद्दल एकानंही विचारलं नाही. 'भिवंडी पॉवरलूम' शोधणाऱ्याला कापड नाही, पॉवरलूमच विकत घ्यायचे असतील, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, लुमांचे फोटो काढू, सगळं कापडाचंच ठेवू, पुन्हा मेहनत करू. काका ऐकेनात.

"कापड सगल्यांकडं हाय रे," म्हणाले. "लूम माझं हायत. तेच काढलं तर साईट कुनाची?"

मग एकदा असाच फोन थोरल्या मुलानं उचलला. जवळच्याच वडप्याचा कोणी ट्रान्सपोर्टवाला होता, त्याला शेड हवी होती. महिन्याभरात करार झाला.

शनिवारी टेम्पो गेल्यावर काका रिकाम्या शेडमध्ये फिरत होते. लुमांच्या जागी जमिनीवर तेलाचे काळे डाग तेवढे उरले होते. मला बघवेना. साईट काढू का, एवढंच विचारलं. "काढ," म्हणाले. संध्याकाळी काढली.

आज सहज शोधून पाहिलं... पहिल्या नंबरावर अजून तीच. साईट उघडत नाही, पण सर्च इंजिननं साठवून ठेवलेलं जुनं पान उघडतं. फोटो गेलेत, फक्त अक्षरं आहेत. आठ लूम चालू आहेत, माल वेळेवर मिळेल, आणि खाली काकांचा मोबाईल.

लगेच काकांना फोन लावला. म्हटलं, पान अजून दिसतंय, माझ्या हातात काही नाही, थोडे दिवस फोन येत राहतील. ते म्हणाले, सकाळपासून दोन येऊन गेले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिथं तरी चालू हायत ना."

साईट वर आणायची विद्या मला येते, खाली उतरवायची येत नाही.

काकांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.