लाउंजात सगळी पोरं साडेचारचीच

वणीच्या स्टँडावर लेकुरवाळी बाई दिसली, की कारभारी आधी पोराच्या डोक्याकडं बघतो आणि मग बाईकडं. एसटीतून रिटायर होऊन वर्षं झाली, पण नजर काही रिटायर झाली नाही. नाशिक-सुरगाणा गाडीवर त्यानं कंडक्टरकी केली, आणि त्या सगळ्या काळात त्याचं भांडण एकाच गोष्टीशी राहिलं: पोराचं वय. पाचाच्या आतलं पोर फुकट, पाचाच्या पुढं हाफ तिकीट. आणि आमच्या भागातल्या आयांचं पोर पाचाच्या अलीकडं येऊन जे थांबतं, ते मिसरूड फुटेस्तोवर पुढं सरकत नाही.

"कितवं लागलं बाई याला?"

"पाच व्हायचंय आजून."

"पुढचे दात पडलेत की याचे!"

"ते झाडावरून पडला व्हता."

कारभारी बाईशी वाद घालायचा नाही. तो वाकायचा, पोराच्या गालाला हात लावायचा आणि लाडानं विचारायचा, "शाळंत कितवीला हायेस रं बाळा?" पोर छाती काढून सांगायचं, "दुसरीला!" सगळी गाडी हसायची, बाई पोराला चिमटा काढायची आणि कारभारी टिकटिक करून तिकीट फाडायचा.

"आईला इचारू नये, पोराला इचारावं," असं तो नव्या कंडक्टरांना शिकवायचा. "आन् वय तं इचारूच नये. वय पढवलेलं ऱ्हातं. शाळा पढवायची कोनाच्या ध्यानात येत नाय."

दुसऱ्या कुणाचं सोडा, त्यानं स्वतःच्या बायकोलाही सोडलं नव्हतं. कुसाबाई लहानग्या योगेशला घेऊन माहेरी बोरगावला निघाली होती. गाडीवर नेमका नवरा. भरल्या गाडीत तिनं ऐटीत सांगितलं, "पाच व्हायचाय." कारभारीनं पोटच्या पोराच्या गालाला हात लावला. "कितवीला रं?" योगेशला वाटलं, आपल्याच बापाला माहीत नाही म्हणजे काय! तो ओरडून बोलला, "पहिलीला हाय ना आबा!" कारभारीनं तिकीट फाडलं. कुसाबाई माहेराहून परत आली ती तोंड बांधून. पुढं कित्येक दिवस घरात आमटीला कधी मीठ नव्हतं, कधी मीठच मीठ होतं. अजूनही भांडण झालं की तिचं वाक्य ठरलेलं, "पोटच्या पोराचं तिकीट फाडणारा मानूस तुमी, तुमच्याशी काय बोलायचं!"

पण या एका गोष्टीवर कारभारीचं नाव होतं. 'कारभारीम्होरं वयाची थाप चालत नाय' हे सप्तशृंगीच्या नवरात्रात गडावर जाणाऱ्या बायांनाही माहीत. गावात त्याच्याकडं ना द्राक्षाचा मोठा मळा, ना बंगला. हे नाव तेवढं होतं, आणि तो ते इस्त्रीच्या सदऱ्यासारखं जपायचा.

तर त्याचा हा योगेश आता मस्कतला कंपनीत आहे. सून पूजा आणि नातू राज नाशकात इंदिरानगरला राहतात. पूजा तिथं नोकरी करते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी मस्कतला जायचं ठरलं. मुंबईहून विमान. पूजा म्हणाली, "आबा, माझ्या कार्डावर आपल्याला विमानतळावर लाउंज आहे. मऊ खुर्च्या, पाहिजे ते खायला, पाहिजे तेवढं."

स्टँडावर चहाची टपरी चालवणाऱ्या फकिरानं हे ऐकलं आणि भांडं खालीच ठेवलं. "पाहिजे तेवढं? मंग कारभारी, नीट बघून ये. उगं 'चांगलं व्हतं' आसं सांगू नको. खुर्चीच्या शिलाईपासून सांगायचं."

"शिलाईपासून सांगतो," कारभारी म्हणाला. आम्ही चारचौघं साक्षीला होतो.

निघाले. इगतपुरीला गाडी चहाला थांबली तेव्हा पूजानं मोबाइलमध्ये लाउंजचे नियम वाचले आणि तिचं तोंड उतरलं. कार्डावर माणसं तीन. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट. आणि राजला नुकतंच पाचवं पुरं झालेलं.

"आई, आपण तर साडेतीन धरले होते," पूजा हळूच म्हणाली. "आता चार होतात."

"कोन म्हंतं चार?" कुसाबाईनं नातवाला मांडीवर घेतलं. "त्याच्या कपाळावर लिव्हलंय का? राज, कोनी इचारलं किती वर्साचा, तं काय सांगायचं?"

"पाच."

"चार सांगायचं. चार. चॉकलेट पायजे ना? मंग चार."

कारभारी पुढच्या सीटवर बसला होता. त्याची मान आपोआप मागं वळली. कुसाबाईनं ती तिथंच अडवली. "तुमी फकस्त गप बसायचं. ही तुमची गाडी नाय."

तो गप बसला. कसारा घाट उतरेपर्यंत गप, ठाणं येईपर्यंत गप. पूजानं पासपोर्ट पर्सच्या तळाशी सारले, वर राजचा बेडकाच्या चित्राचा रुमाल ठेवला. नंतर ती आम्हाला सांगत होती, "आबांच्या मानेवरचा घामच सांगत होता, काय चाललंय ते."

लाउंजच्या दाराशी काउंटर. काउंटरमागं निळ्या कोटातली पोरगी, छातीवर पाटी: तेजश्री. रांगेत यांच्या पुढं एक बाई होती, सोबत पोरगा. पोरगा आपली चाकाची बॅग आपणच ओढत होता, वर आईची बॅगही ओढत होता.

"वय?" तेजश्रीनं विचारलं.

"साडेचार," बाई म्हणाली.

कारभारीच्या घशातून आवाज आला. खोकला असावा, असं पूजाला वाटलं. त्या बाईच्या आधीच्या जोडप्याची मुलगीही साडेचारच होती, आणि ती जाड पुस्तक वाचत आत गेली. कारभारीला घरी आल्यासारखं वाटायला लागलं. सुरगाण्याची गाडी काय आणि हे काय! नुसत्या खुर्च्या मऊ.

यांची पाळी आली. पूजानं कार्ड दिलं. तेजश्रीनं खाली वाकून राजकडं बघितलं. "किती वर्षांचा तू?"

"चार," राज म्हणाला. पाठ चोख होता. कुसाबाईनं नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अरे वा. आणि शाळेत कुठल्या वर्गात जातोस?"

कुसाबाईचा हात तिथंच थांबला. कारभारीचे डोळे मोठे झाले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यानं न शिकवलेल्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"सीनियरला!" राजनं छाती काढली. "ज्युनिअरवाले बारके असतात. ते रडतात पण."

पूजा लाल झाली. कुसाबाई म्हणाली, "हुशार हाय लय, म्हनून आधीच बसवला वरच्या वर्गात."

तेजश्रीला हसू फुटलं. पोरगी चांगली होती. मागं रांग, पुढं म्हातारी, मधे पोरगं. "जाऊ द्या आजी," ती म्हणाली. "चारच धरते. या आत."

इथंच गोष्ट संपायची. कुसाबाईनं तर उंबरा ओलांडायला पायही उचलला होता. पण कारभारी काउंटरला टेकला, आणि इगतपुरीपासून दाबून ठेवलेलं तोंड उघडलं.

"चार कसं काय धरता? सीनियरचं पोर चारचं आस्तं का? तू आत्ता बरोब्बर पकडलं ना? मंग सोडती कशाला? पकडलं की फाडायचं!"

"काका, काय फाडायचं?"

"तिकीट! पोरी, हा सवाल तुला कोनी शिकवला?"

"कुणी नाही. रोज इथं उभी राहते ना. सगळी मुलं साडेचारच असतात."

"आमच्याकडं पावनेपाच आसायची," कारभारी म्हणाला, आणि जन्माची ओळख निघावी तसं तिच्याकडं बघून हसला. "पाचचा हाय त्यो. आमच्या हिनं पढवलाय."

'आमच्या हिनं' त्याच्याकडं जे बघितलं, ते पूजाला सांगताच येईना. पूजा घाईनं म्हणाली, "जादा माणसाचे पैसे भरते मी." तेजश्री ओशाळली. आज गर्दी होती. पैसे भरून जादा माणूस घेणं बंद होतं. तिघंच. आणि कार्ड जिच्या नावावर, ती आत हवीच.

"मी ऱ्हाते भाएर," कुसाबाई म्हणाली. "खा तुमीच तुमच्या खऱ्याची भाकर."

"तू कशाला?" कारभारीनं आपली पिशवी खांद्याला लावली. "गाडी भरली की उभं कोन ऱ्हातं? कंडक्टर. चला, पुढं सरका. मागच्यांना येऊ द्या."

असं म्हणून तो बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर जाऊन बसला. लाउंजचं दार त्याच्यासमोर उघडायचं, गार वारा आणि तुपातल्या कशाचा तरी वास यायचा, आणि दार मिटायचं.

बऱ्याच वेळानं कुसाबाई बाहेर आली. एकटीच. राज आत पूजाजवळ आइस्क्रीम खात होता. ती नवऱ्याशेजारी बसली, पण मधे एक खुर्ची सोडून.

"जा," ती म्हणाली. "माझ्या जागंवर जा. थोडं बसून या. मी इचारते त्या पोरीला."

"एकदा उतरलेल्या पॅसेंजरच्या तिकिटावर दुसरा चढत नाय."

"माहीत व्हतं मला, आसंच बोलनार!" ती एक खुर्ची जवळ सरकली, इकडं-तिकडं बघितलं आणि पदराआडून कागदी रुमालात बांधलेला वडा काढला. "धरा."

"आतलं खानं भाएर आनायला मनाई आसंल," कारभारी म्हणाला. म्हणाला खरं, पण तेव्हा वडा तोंडात होता.

"मनाई हाय. दारावर लिव्हलंय. मला कुठं वाचता येतं!"

मग तिनं आतलं सगळं सांगितलं. खुर्चीत बसलं की माणूस निम्मा आत जातो, हात धरून ओढावा लागतो. भिंतीएवढ्या काचेतून विमानं दिसतात. पोहे आहेत, पण त्यात शेंगदाणे मोजून. राजनं खेळण्यातली गाडी लाद्यांवर सोडली, ती सुटाबुटातल्या एका माणसाच्या बुटावर जाऊन आपटली. तो लॅपटॉपमधून डोकं न काढता इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. पूजानं अर्थ सांगितला: असल्या जागी लहान पोरं आणायचीच कशाला.

"मंग?"

"मंग काय? म्या म्हनलं, 'बाबा, तुला काय आभाळातून थेट सुटासकट टाकला व्हता का? तू बी कोनाच्या तरी कडंवर हागलाच आसशील.'"

"त्याला काय कळलं आसंल!"

"कळलं ना! मराठीच निघाला मुडदा. आवरला लॅपटॉप, गेला कोपऱ्यात."

कारभारी हसून हसून वड्यानं ठसकला. मग डोळे पुसून विचारू लागला: खुर्च्यांचा रंग कोणता, चहा मशीनचा का पातेल्यातला, शिलाई कशी. कुसाबाईला वाटलं, बिचाऱ्याला बघायला नाही मिळालं, निदान ऐकू दे. तिनं सगळं सांगितलं. शिलाई पांढऱ्या दोऱ्याची.

महिन्यानं मंडळी परत आली. रविवारी कारभारी नातवाचं बोट धरून फकिराच्या टपरीवर हजर. मीही होतो. राजला क्रीमचं बिस्कीट देऊन बाकड्यावर बसवलं आणि कारभारी सुरू झाला.

"लाउंज म्हंजे काय सांगू! खुर्चीत बसलो, तं निम्मा आत. हात धरून ओढला तव्हा निघालो. शिलाई पांढऱ्या दोऱ्याची. पोहे हायेत, पन शेंगदाने मोजून. समोर भिंतीएवढी काच, आन् मी आसा बसलेलो—"

सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. फकिरा तेवढा चहा गाळता गाळता कारभारीकडं तिरका बघत होता. मुंबईतल्या काउंटरवर काय झालं, याची एक ओळ कुणीतरी त्याच्या कानावर घातली असावी. पूजानं ती कुणाला सांगितली, आणि त्यानं ती फकिराला सांगितली का, यात मी पडत नाही. फकिरानं गाळणं ठेवलं, राजसमोर उकिडवा बसला आणि त्याच्या गालाला हात लावला.

"काय रं राज, लाउंजात आबा कुठं बसलं व्हतं?"

"आत," राज म्हणाला. पाठ चोख होता.

कारभारीनं मिशीवर हात फिरवला.

"बरं," फकिरा लाडानं म्हणाला. "आन् आबांनी काय खाल्लं तिथं?"

"वडा!" राजनं छाती काढली. "आजीनं लपवून आणला होता. आबा बाहेर लोखंडाच्या खुर्चीवर होते. आइस्क्रीम नाही मिळालं त्यांना."

टपरी नुसती फुटली. फकिरानं बाकड्यावर थाप मारली, "टिकटिक! टिकटिक!" स्टँडावरचे पॅसेंजर वळून बघायला लागले. कारभारीचा चेहरा असा झाला, की बोरगावच्या गाडीतली कुसाबाई मला पहिल्यांदाच नीट समजली.

"काय रं," तो नातवाला म्हणाला, "येताना तुला काय सांगितलं व्हतं?"

"आत सांगायचं. सांगितलं की मी, आत!" राजनं बिस्किटाचं क्रीम चाटलं. "वड्याचं तुम्ही काहीच नव्हतं सांगितलं."

कारभारीनं चहा तसाच ठेवला आणि सुरगाण्याची गाडी लागली का बघून येतो म्हणून उठला. गाडीला अजून लय वेळ होता.