सातपूरच्या चिमीची अदलाबदल

नाशकात कुत्र्यांचे दुकान चालवणाऱ्या एका माणसाने सातपूरच्या एका विधवा बाईंना फसवले. सांभाळायला म्हणून त्यांची तरणी कुत्री ठेवून घेतली आणि परत देताना दुसरीच म्हातारी हातात दिली. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीचे हे प्रकरण. आठवले की अजून डोके तापते.

बाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या त्या काखेत कुत्री घेऊनच. शिह त्झू नावाची ही जात: बुटकी, चपट्या नाकाची, अंगभर केस. हिचे केस मात्र भादरलेले. ठाणे अंमलदार हसू दाबत म्हणाला, "मावशी, केस कापल्यावर माणूससुद्धा ओळखू येत नाही."

"लय हसू नका, दादा," बाई म्हणाल्या. "माहेरी घोटीला गेले, तेवढ्यात बदलली. माझी चिमी कंपनीचा भोंगा झाला की दाराशी जाऊन बसते. पोराची शिफ्ट सुटते ना. ही जागची हालत नाय. पोरगं दिवसभर कामावर. घरात बोलायला मला तेवढी एकच होती."

मी दुकानदाराला बोलावून घेतले. गोडबोल्या माणूस. "साहेब, हीच चिमी. बघा, कशी ओळखीनं माझ्या मांडीवर आली."

खरेच आली. मग माझ्या मांडीवर आली, हवालदारांच्या आली, आणि लॉकअपमधल्या पाकीटमारापुढेही शेपूट हलवत उभी राहिली. गावाकडे गाईचा वाद असला की तिच्या गळ्यातले दावे सोडतात. ती ज्याच्या गोठ्यात शिरेल त्याची. इथे सगळेच गोठे हिचे. माझा जीव मेटाकुटीला आला.

"ही जातच मांडीवाली," दुकानदार हसला. "हिला चोरसुद्धा पाहुणाच, साहेब."

माझे वडील घोटीच्या बाजारात हमाली करायचे. बैलांचे सौदे बघत मी मोठा झालो. तिथला धडा एकच: मालक काय सांगतो ते ऐकायचे नाही, जनावराचा जबडा उघडायचा. मी उघडला. निम्मे दात गेलेले, उरलेले झिजलेले. चिमीचे वय जेमतेम दोन वर्षे.

"लहान जातीचे दात लवकर पडतात, साहेब."

"तुझे पडायच्या आत खरं बोल."

पशुवैद्यकांनी तपासून लेखी दिले की या मादीला पुष्कळ वेळा पिल्ले झालेली आहेत. चिमीला एकदाही झाली नव्हती. मग दुकानदाराने सूर बदलला. नोकराच्या हातून अदलाबदल झाली असेल, माझ्याकडे तीनच कुत्री आहेत, येऊन बघा. बघितली. त्यांत एकही शिह त्झू नव्हती.

खबर दिली त्याच्या गल्लीतल्या चिकनवाल्याने. "साहेब, तीन कुत्र्यांचा माणूस रोज पोतंभर कोंबडीचे पाय कशाला नेतो?"

पोते जाते कुठे, यावर आम्ही माणूस लावला. ते शहराबाहेरच्या एका शेडमध्ये जात होते. पंच घेऊन आत शिरलो. तापलेले पत्रे, एकावर एक पिंजरे, आणि सगळ्या शिह त्झू माद्या, सगळ्या भादरलेल्या. धंदा सरळ होता. पिल्ले काढून विकायची. सांभाळायला आलेली तरणी मादी ठेवून घ्यायची आणि थकलेली मालकाच्या गळ्यात मारायची. केस उतरवले की सगळ्या सारख्याच.

पंचनामा करून सगळ्यांना ठाण्यात आणले. आता यांतली चिमी कोणती? बाईंनी हाक मारली तर सगळ्याच धावत आल्या. बाईंना रडू फुटले.

"घ्या कुठलीही, मावशी," दुकानदार म्हणाला.

मी खुर्चीतून उठलो, तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. हवालदारांच्या मांडीवर पसरलेली एक कुत्री खाली उतरली, ठाण्याच्या दाराशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. हवालदारांनी बिस्कीट पुढे केले. तिने मान वळवली नाही.

"तीच हाय," बाई म्हणाल्या आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या.

पशुवैद्यकांनी वय जुळवले. दुकानदाराचे हसू गेले आणि त्याने जबाब दिला.

माणसांबद्दल मी एक शिकलो. सगळ्यांशी गोड वागणारे दोन प्रकारचे असतात. एकाला घर असते, दुसऱ्याला फक्त गिऱ्हाईक. भोंगा होईपर्यंत फरक कळत नाही.

दुकानदार जामिनावर सुटला. आता दुसऱ्या नावाची पाटी लावून तेच दुकान चालवतो, आणि त्याला नवा परवानाही मिळाला आहे. त्याआधी मी परवाना देणाऱ्या खात्याला शेडबद्दल सविस्तर अहवाल पाठवला होता. उत्तर आले नाही.

आणि ती म्हातारी? "माझी नाही," असे दुकानदाराने लिहून दिले. ठाण्यात तिच्या जेवणाची तरतूद नव्हती, म्हणून कोर्टाच्या आदेशाने मी घरी आणली. आता माझ्या पायावर हनुवटी टेकून पडली आहे. भोंगा झाला तरी उठत नाही. तिच्या कोणाचीच शिफ्ट कधी सुटली नाही.

शेडमध्ये पाऊल न टाकता ज्याने त्या परवान्यावर सही केली, त्याने माझ्या घरी यावे. चहा देईन. ही त्याच्याही मांडीवर जाऊन बसेल. मग त्याने स्वतःच्या हाताने हिचा जबडा उघडावा, आत बघावे, आणि सही कशी केली ते मला सांगावे.