नणंदेला सांगितलेले शब्द

क्रिप्टो वॉलेट उघडायच्या बारा शब्दांचा फोटो माझ्या नवऱ्याच्या फोनमध्येच होता. द्वारकेला त्याच्या मित्राचा फोन चोरीला गेला, वॉलेट रिकामं झालं, तेव्हा नवरा घाबरला. त्याने देवळालीला जाऊन ते शब्द आपल्या बहिणीकडून पाठ करून घेतले आणि मग फोटो पुसला.

"मला का नाही सांगितलेस?"

"तू सगळं फोनमध्ये लिहून ठेवतेस."

खरं होतं, तरी माझा जळफळाट झाला.

मग ताईंचाच फोन आला. "अगं, मी एकटीनेच का लक्षात ठेवायचं? ये, तूही पाठ कर."

मी गेले. मेथी निवडता निवडता त्यांनी माझ्याकडून शब्द घोकून घेतले. शब्द पाठ झाले, पण त्याने आधी ताईंना सांगितलं हे मला अजून सलतं.