तिरकी कन्हान

माझ्या नवऱ्याला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, असं मी पंधरा वर्षं आल्यागेल्याला सांगत आले. हेही मान डोलवायचे. "मी डायवर हावो तिचा," म्हणायचे आणि चहा ठेवायला आत जायचे. आमच्या हुडकेश्वरच्या घरात हा ठरलेला विनोद होता. मला तो फार आवडायचा.

मी नद्यांचे फोटो काढते. काळेपांढरे, आणि वाईड अँगल लेन्सने. शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी, निवृत्त झाल्यावर मनात येईल तेव्हा. कन्हान, कोलार, पेंच, लांब जायचं म्हटलं तर वैनगंगा. रंग काढून टाकला की नदी खरी दिसते असं माझं मत आहे. हिरवं-निळं पाहून लोक वा वा करतात ती रंगाला, नदीला नव्हे. या लेन्समध्ये एका नजरेत न मावणारं पात्र मावतं, पण तिची एक खोड आहे. ती सगळंच आत घेते. बाजूला ठेवलेली पिशवी, ट्रायपॉडचा पाय, आपल्या चपला, सोबत आलेला माणूस. त्यामुळे सोबतच्या माणसाला कॅमेऱ्याच्या मागेच राहावं लागतं, आणि तेही बरंच मागे, कारण सकाळच्या उन्हात सावली लांब पडते. "मागे व्हा. अजून मागे. तुमची सावली येते." हे मी यांना कितीदा म्हटलं असेल ते मलाच ठाऊक नाही. हे छत्री, थर्मास आणि माझ्या चपला सांभाळत रेतीतून मागे मागे जायचे. माझ्या फोटोत माणूस नसतो. मी आठ वर्षं आमच्या फोटोग्राफर मंडळाच्या प्रदर्शनात फोटो देत होते, त्यातल्या एकाही फोटोत चिटपाखरू नव्हतं.

यांची नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात होती, पाळ्यांची. निवृत्त झाल्यावर नदीकाठी यांचा वेळ जाईना. दर पाच मिनिटांनी मागून आवाज यायचा, "झालं का वं?" म्हणून मी माझा जुना कॅमेरा आणि जुनी वाईड लेन्स यांच्या गळ्यात अडकवली. हे औदार्य नव्हतं, तोंड बंद ठेवण्याचा उपाय होता. कॅमेरा काळ्यापांढऱ्यावर लावून दिला, बाकी सगळं त्याचं तो ठरवेल असं केलं आणि म्हटलं, "हे बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

त्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही कोलार जिथे कन्हानला मिळते त्या संगमावर गेलो होतो. पाणी कमी होतं, रेती खूप. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. वाईड अँगलला पुढ्यात काहीतरी ठसठशीत लागतं, नाहीतर दूरचं सगळं मुंगीएवढं होऊन फोटो रिकामा दिसतो. मला पाण्यात एक चांगला काळा खडक सापडला होता. त्याच्यासाठी मी दीड तास वाकून उभी होते. ढग येत, जात. पाण्यानं पाय बधिर झाले. फोटो छान आला. नदी पांढरीशुभ्र, खडक काळाकुळकुळीत, क्षितिज पट्टी लावल्यासारखं सरळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांचं कार्ड संगणकात लावलं. थर्मास, एक कुत्रं, स्वतःचा बूट, थर्मास. मी हसत हसत पुढे सरकवत होते आणि हसणं मधेच थांबलं.

कन्हान तिरकी होती. डावीकडे वर, उजवीकडे खाली, चांगली चार बोटं तिरकी. पुढ्यात रेती आणि तिच्यात पावलांचे खड्डे. मागे वीज केंद्राच्या चिमण्या काड्यांसारख्या. आणि ते सगळं पात्र, आभाळासकट, उजव्या कोपऱ्याकडे कलंडून वाहत होतं. त्या कोपऱ्यात, अगदी कडेला, नखाएवढं काळं काहीतरी होतं. मी मोठं करून पाहिलं. ती मी होते. ओढणी कमरेला खोचलेली, कॅमेऱ्यावर वाकलेली, गुडघाभर पाण्यात. एवढ्या मोठ्या नदीत एवढीशी बाई आणि तिला नदीशिवाय कशाचंही भान नाही.

फोटो चांगला होता असं म्हणून मी सुटू शकत नाही. तो माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा चांगला होता. चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हे मला पहिल्या सेकंदाला कळलं आणि अंगाची लाहीलाही झाली. मी पहाटे उठायची, मी ढगांची वाट पाहायची, कंबर माझी धरायची, आणि यांनी एका हातात थर्मास धरून बटण दाबायचं! मुद्दाम तिरका केला असता तरी मी मान दिला असता. यांना तो तिरका आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "हा कसा काढला?"

"कसा म्हंजे? तू दिसून राहिली होती, मी दाबलं."

त्याच आठवड्यात मंडळातले एक म्हातारे फोटोग्राफर घरी आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते कधी कोणाचं कौतुक करत नाहीत. माझा एखादा फोटो पाहून "बरा हाये" म्हणाले की मी चार दिवस हवेत असायची. संगणकावर तो फोटो उघडाच होता. काका वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "आता जमलं वं तुले. मी म्हणत होतो ना, कधी ना कधी जमन." त्यांनी बोट उजव्या कोपऱ्यावर ठेवलं. "हे इथं हाये म्हणून नदी एवढी मोठी हाये. हे काढलं तं काहीच नाही."

फोटो माझा नाही हे मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर दोन क्षण मी ते कौतुक अंगावर घेतलं, गोधडीसारखं. एवढे शब्द मला आयुष्यात कोणी दिले नव्हते. तेवढ्यात हे चहाचा ट्रे घेऊन आले आणि म्हणाले, "काका, तो माहा हाये."

काकांनी यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोटभर हसले. "मंग तं हा प्रदर्शनात द्याच लागते," म्हणाले. हे लहान मुलासारखे लाजले. मी बिस्किटं आणायला स्वयंपाकघरात गेले आणि डबा नको तेवढा आपटला.

आमच्या प्रदर्शनाची एक रीत आहे. सभागृहात एक लांब भिंत आहे, तिच्यावर दरवर्षी एकच फोटो लागतो, पाच फूट रुंदीचा. बाकीचे सगळे छोट्या आकारात इतर भिंतींवर. निवड बाहेरून बोलावलेले दोन जण करतात आणि फोटोच्या मागे नाव चिकटवून झाकलेलं असतं. आठ वर्षं मी त्या भिंतीकडे डोळे लावून बसले होते. आठही वर्षं तिच्यावर दुसऱ्याच कोणाचा वाघ नाहीतर दुसऱ्याच कोणाचा म्हातारा होता. या वर्षी माझा संगमाचा फोटो लागेल अशी माझी खात्री होती, यांचा तो तिरका फोटो पाहीपर्यंत.

निवडीसाठीचे प्रिंट मी घरीच काढते, माझ्या प्रिंटरवर. यांचा प्रिंटही साहजिकच माझ्याकडे आला. "तूच कर वं काय कराचं ते, मले नाही समजत," म्हणाले आणि बाजारात गेले.

मी फोटो उघडला आणि क्षितिज सरळ करायला घेतलं. आमच्या कामात हे पहिलं करतात, कोणीही करेल. तिरका फोटो फिरवून सरळ केला की त्याचे कोपरे चौकटीबाहेर जातात आणि कडा कापाव्या लागतात. जितकं सरळ कराल तितकं कापलं जातं. मी थोडं फिरवलं. कोपऱ्यातली बाई अजून आत होती. तिथे थांबता आलं असतं. नदी जराशी तिरकी राहिली असती, आणि खरं तर तशीच राहायला हवी होती. मी पूर्ण फिरवलं. क्षितिज सपाट झालं, उजवी कड आत सरकली आणि बाई गेली.

समोर उरली रेती, पाणी आणि चिमण्या. कोणीही काढलेला असावा असा फोटो. मी स्वतःला म्हटलं, चूक दुरुस्त केली. मग मूळ फाइल काढून टाकली आणि कार्डही पुसून ठेवलं, काम झाल्यावर नेहमी पुसते तसं. दोनदा विचार केला नाही, हेही लिहून ठेवते.

हे बाजारातून आले तोवर प्रिंट पाकिटात घालून, चिकटवून, नाव लिहून तयार होता. यांनी उघडून पाहायचं म्हटलं नाही. माझ्या कामावर यांचा तेवढा विश्वास होता.

लांब भिंत मला मिळाली. फोनवर कळलं तेव्हा मला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. हे पेढे घेऊन आले आणि आख्ख्या गल्लीत वाटून आले.

उद्घाटनाच्या दिवशी माझी कन्हान त्या भिंतीवर पाच फूट पसरली होती. लोक समोर उभे राहून मान हलवत होते. यांचा फोटो दाराजवळच्या बाजूच्या भिंतीवर होता. मी तिकडे जायचं टाळत होते. काका मात्र तिथे उभे होते. मी शेजारून जाताना त्यांनी मान न वळवता म्हटलं, "क्षितिज सरळ केलं वाट्टे." एवढंच. मग काठी टेकत पुढे गेले, आणि माझ्या फोटोसमोर थांबलेच नाहीत.

तेवढ्यात हे आले. एकटे नाही. कोराडीचे यांचे तीन जुने सोबती आणि त्यांच्या बायका, बसने आलेले, ठेवणीतले कपडे घालून. यांनी सगळ्यांना बोलावल्याचं मला माहीतच नव्हतं. मला वाटलं लांब भिंतीकडे घेऊन येताहेत. हे त्यांना दाराजवळच्या भिंतीकडे घेऊन गेले.

"हे पाहा," यांनी सांगितलं. "मी सांगत होतो ना, तोच."

सगळे वाकून पाहू लागले. एकीनं विचारलं, "पण भाऊजी, वहिनी कुठी हायेत यात?"

"काय वं, त्या कोपऱ्यात पाहा ना." यांनी बोट उजव्या कडेला नेलं. बोट काचेवरून सरकत चौकटीपर्यंत गेलं. मग चौकटीच्या बाहेर भिंतीच्या चुन्यावर टेकलं आणि तिथेच थांबलं. यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"इथंच होती," हे म्हणाले. मग जरा हसून, "मीच नीट काढला नसन. मले काय समजते त्यातलं."

सगळे समजूतदारपणे हसले. तो माझाच विनोद होता, पंधरा वर्षांचा. ती मंडळी मग लांब भिंतीकडे गेली, माझं अभिनंदन केलं आणि चहाच्या टेबलाकडे वळली. आम्ही दोघं माझ्या फोटोसमोर उरलो.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मीच कापलं."

"काय?"

"मला. कडेची मी होते ना, ती. सरळ करताना."

"सरळ करतानी कापाच लागते का?"

"नाही. ठेवता आलं असतं."

हे माझ्याकडे पाहत राहिले. राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "मंग काहून कापलं?"

"तुमचा माझ्यापेक्षा चांगला होता," मी म्हटलं. तोंडातून निघताना ते शब्द इतके कडू लागले की गिळून टाकावेसे वाटले. "आणि मला ही भिंत पाहिजे होती."

यांनी भिंतीकडे पाहिलं, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती. "मले सांगाचं होतं. मी दिलाच नसता." मग विचारलं, "पुन्हा काढता येते का तो, संगणकातून?"

"नाही. पुसून टाकला."

यांनी वळून दाराजवळच्या भिंतीकडे पाहिलं. माझा मात्र हेवा त्या क्षणीही गेला नव्हता. जो माणूस भिंत अशी सहज देऊन टाकू शकतो त्याचाही मला हेवाच वाटत होता.

"भिंतीचं नाही वं," हे हळूच म्हणाले. "तूच नाही तं त्या फोटोत राहिलं काय? नदीच ना नुसती."

समोर माझी कन्हान होती, पाच फुटांची, आठ वर्षांच्या वाटेनंतर त्या भिंतीवर आलेली. खडक काळाकुळकुळीत, पाणी पांढरंशुभ्र, क्षितिज सरळ. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तिच्यात नदीशिवाय काहीच नव्हतं.