रकानाबाईंचे एक्क्याण्णव टक्के

विद्यापीठाच्या आकडेवारी विभागात बसणाऱ्या त्या बाईंना सगळे रकानाबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. कुणाला पाल बघवत नाही, कुणाला रक्त बघवत नाही. यांना रिकामा रकाना बघवत नसे. अर्जात एक जागा मोकळी दिसली की त्या अर्ज परत करायच्या. "माहीत नाही," असं एखाद्यानं सांगितलं, तर "मग ‘माहीत नाही’ असं लिहा, पण लिहा," म्हणायच्या. सव्वीस वर्षं हेच. या सव्वीस वर्षांत त्यांच्या तक्त्यात चूक निघाली नाही, बढतीही निघाली नाही. चुका न करणारा माणूस कचेरीत जिथल्या तिथे राहतो, कारण त्याला हलवलं तर चुका कोण टाळणार?

घरी दोघीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक याच विद्यापीठात फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती, म्हणजे घरातल्या खिडकीजवळच्या टेबलाला होती. दोन वर्षांपूर्वी इमारतीच्या दुरुस्तीसाठी म्हणून वर्ग ऑनलाइन गेले होते. दुरुस्ती आठ महिन्यांत संपली, वर्ग काही परत आले नाहीत.

आता फिजिओथेरपी म्हणजे हाताची विद्या. दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय खांदा कळायचा कसा? पण पडद्यावरच्या शिक्षिका एका प्लास्टिकच्या सांगाड्याचा हात वर-खाली करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "समजलं ना?" समोर सत्तर काळे चौकोन. त्यातल्या एखाद्यातून अंगठ्याचं चित्र यायचं, तेवढ्यावर तास पुढे सरकायचा. सराव घरच्या माणसांवर करा, असा आदेश होता. लेक उशीवर करायची.

"अगं, माझा खांदा दुखतोय गेले महिनाभर, तो बघ की. उशीला काय होतंय?" रकानाबाई एकदा म्हणाल्या.

लेकीनं हात पुढे केला, खांद्यापासून चार बोटांवर थांबवला आणि मागे घेतला. "नको आई. चुकीचं दाबलं तर? मला आत काय आहे तेच कळत नाही गं. पेपरात लिहिता येतं सगळं. हाताला काही येत नाही."

ही मुलगी लहानपणी शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे पाय दाबून द्यायची. आता कुणाला हात लावायला घाबरत होती.

त्या वर्षीच्या शेवटच्या सत्रात लेकीनं स्पष्टच सांगितलं. "पुढच्या वर्षी वर्ग खरे भरले तर शिकेन. नाहीतर सोडणार. खोटी डिग्री घेऊन उद्या कुणाचा हात मोडून ठेवू का?" ती चिडून बोलली असती तर बाईंनी समजूत घातली असती. ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, म्हणून बाई घाबरल्या.

आणि नेमकं तेव्हाच उपकुलसचिव साहेबांनी परिपत्रक काढलं. ऑनलाइन शिक्षणाबद्दल विद्यार्थी किती समाधानी आहेत आणि ते पुढेही वापरतील का, याची पाहणी होणार. निम्म्याहून जास्त नाराज निघाले, तर पुढच्या वर्षी खोल्या उघडणार. नाही निघाले, तर वर्ग कायमचे ऑनलाइन. पाहणीचा तक्ता कोण करणार? अर्थात रकानाबाई!

त्या संध्याकाळी घरी आल्या त्या जवळजवळ पळतच. "झालं तुझं काम! मुलांना विचारणार आहेत. एकदा मुलं बोलली की संपलं. आकडे खोटं बोलत नाहीत बघ."

लेक कित्येक दिवसांनी हसली. कपाटातून तिनं पांढरा कोट काढला. प्रवेशाच्या वेळी शिवलेला, एकदाच घातलेला. तो तिनं धुऊन वाळत घातला.

आता मुलांची गंमत बघा. रोज एकमेकांकडे कुरकुर करणारी ही पोरं; पण प्रश्नावली आली, तर बावीस प्रश्न बघून पळाली. तीन आठवड्यांत साडेआठ हजारांपैकी सहाशे उत्तरं. तीही अर्धवट. तक्ता पावसात सापडलेल्या वर्तमानपत्रासारखा दिसत होता. साहेबांनी बोलावून झाडलं. "बाई, सहाशे मुलांवर मी काय निर्णय घेऊ? अशानं पाहणीच रद्द करावी लागेल."

पाहणी रद्द म्हणजे वर्ग आहेत तसेच. रकानाबाईंना रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी त्या डोक्यात एक युक्ती घेऊनच कचेरीत आल्या. इथून पुढचं सगळं त्यांचं स्वतःचं कर्तृत्व. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"साहेब, निकाल आठ दिवसांवर आलाय. प्रश्नावली भरल्याशिवाय निकालाचं पानच उघडणार नाही असं करू या."

साहेबांनी मान वर केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. "वा! हे कुणाला सुचलंच नव्हतं."

मग त्या संगणक विभागातल्या टकल्या तंत्रज्ञाकडे गेल्या. तो म्हणाला, "होईल की. पण बाई, मुलं मधले प्रश्न सोडतील. मग तुम्हीच ओरडाल, रकाने रिकामे आले म्हणून."

"तसं नको. आधीच काहीतरी भरलेलं ठेव. ज्याला बदलायचं तो बदलेल."

"काय भरू?"

"यादीतला पहिला पर्याय ठेव रे, त्यात काय विचारायचं!"

यादीतला पहिला पर्याय होता ‘पूर्ण समाधानी’. हे बाईंना दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. पण त्यांना वाटलं, ज्याच्या मनात एवढी आग आहे तो चार वेळा बोट हलवायचा आळस थोडाच करेल? मुलांच्या रागावर त्यांचा विश्वास होता. मुलांच्या घाईचा त्यांना विसर पडला.

निकालाच्या दिवशी सकाळी दहाला पान उघडलं. बारा वाजेपर्यंत सहा हजार प्रश्नावल्या भरून आल्या, दुसऱ्या दिवशी साडेआठ हजार. एकही रकाना रिकामा नाही. असा तक्ता बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. मग त्यांनी बेरीज घेतली. समाधानी, एक्क्याण्णव टक्के. पुढेही नक्की वापरणार, एक्क्याण्णव टक्के. त्यांनी बेरीज पुन्हा घेतली. मग प्रत्येकाला किती वेळ लागला तो रकाना उघडला. बावीस प्रश्नांना सरासरी चौदा सेकंद. चौदा सेकंदांत माणसाची चप्पलसुद्धा पायात जात नाही.

त्यांनी लेकीचा परीक्षा क्रमांक शोधला. बावीसच्या बावीस ठिकाणी आधीच भरलेला पहिला पर्याय. नऊ सेकंद.

तक्ता घेऊन त्या साहेबांकडे गेल्या, तर तिथे चहा चालू होता. "या या बाई! एक्क्याण्णव टक्के! संगणक विभागाकडून कळलं, मी वरती कळवूनही टाकलं. सुंठीवाचून खोकला गेला. खाली प्रात्यक्षिकांचा हॉल मोकळा झाला, तिथे आता जुनी कागदपत्रं ठेवू."

"साहेब, हे आकडे खरे नाहीत. मुलांनी वाचलंसुद्धा नाही. निकालासाठी नुसतं बटण दाबलंय. चूक माझी आहे, मीच ते आधी भरून ठेवायला सांगितलं."

"बाई," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "कुणी त्यांचा हात धरला होता का? बदलायची सोय होती ना? नाही बदललं. आणि चूक कसली? तुमची युक्ती आता सगळ्या अर्जांना लावतोय आपण. नाव तुमचंच सांगितलंय मी."

आपलेच दात, आपलेच ओठ. बाई नमस्कार करून बाहेर आल्या आणि जिन्यात कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वर जाणाऱ्या शिपायानं विचारलं, "बरं वाटत नाहीय का?" तर "बरंय," म्हणाल्या.

घरी लेक वाटच बघत होती. निकाल चांगला लागला होता, पहिला वर्ग. "आई, पाहणीचं काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांना येत नव्हती. युक्ती कुणाची, पर्याय कुणी भरून ठेवला, सगळं.

"म्हणजे मीही हो म्हटलं?"

"हो."

"मी वाचलंच नाही गं. मला वाटलं काहीतरी नेहमीचं असेल. मला फक्त पास झाले का ते बघायचं होतं." मग ती म्हणाली, "मी एकटीनं नाही म्हटलं असतं तरी काही झालं नसतं ना?"

"नसतं झालं."

"सगळ्यांनीच असं म्हटलं असणार, मी एकटीनं काय होतंय." ती उठली आणि भर तिन्हीसांजेला भिंतीकडे तोंड करून झोपली. बाई जेवणाचं ताट घेऊन दोनदा आल्या, दोनदा परत गेल्या. एखाद्या शत्रूनं हे केलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

नवीन सत्राचे दोन महिने लेकीनं कसेबसे काढले. मग एका सकाळी टेबलावरून उठली आणि म्हणाली, "बास." बाईंनी रडून पाहिलं, रागावून पाहिलं. नवऱ्याचं नावसुद्धा मध्ये आणलं, ज्याची त्यांना नंतर लाज वाटली. काही उपयोग झाला नाही. लेक पार्सलच्या कचेरीत वजनकाट्यावर कामाला लागली. तिथे निदान वस्तू हातात येतात, म्हणाली.

नाव काढून घेण्याचा अर्ज भरायला दोघी एकत्र बसल्या. अर्ज उघडेना. आधी समाधानाची प्रश्नावली आली. बाईंची युक्ती खरोखरच सगळ्या अर्जांना लागली होती.

लेकीचं बोट बटणाकडे गेलं, ते बाईंनी धरलं. "थांब. या खेपेला वाच. खरं असेल ते लिही."

"आता काय उपयोग, आई?"

"माझ्यासाठी लिही."

मग दोघींनी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला आणि एकेक उत्तर बदललं. अजिबात समाधानी नाही. अजिबात नाही. पुढे वापरणार नाही. पाऊण तास लागला. शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का’ असा रकाना होता. लेकीनं लिहिलं, ‘मला माणसाला हात लावायची भीती वाटते. ती आधी वाटत नव्हती.’ बाईंना वाटलं, चला, एक तरी खरी ओळ गेली.

वर्षअखेरीला नवा अहवाल करायची वेळ आली. बाईंनी तक्ता उघडला आणि ताठ बसल्या. त्या वर्षी सव्वातीनशे मुलं सोडून गेली होती. नियम असा की शेवटची प्रश्नावली जुनीची जागा घेते. त्या सव्वातीनशेंपैकी अडीचशेंनी उत्तरं आपल्या हातानं बदलली होती. वीस-वीस मिनिटं, अर्धा-अर्धा तास बसून. जाणाऱ्याला घाई नव्हती. त्याला कुठला निकाल बघायचा होता? एकानं लिहिलं होतं, दोन वर्षांत मला वर्गातल्या एकाचंही तोंड माहीत नाही. एकीनं नुसतं ‘माफ करा’ लिहिलं होतं. एक्क्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले होते.

बाई धावतच साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, ही खरी उत्तरं आहेत. वाचून दिलेली. अडीचशे मुलं आहेत. ही तरी बघा."

साहेबांनी पाहिली. खरंच पाहिली, दोन पानं वाचलीही. मग चष्मा काढला. "बाई, वाईट वाटतं. पण अहवाल कुणाचा आहे? वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा. ही सोडून गेली. म्हणजे वापरणारीही नाहीत आणि विद्यार्थीही नाहीत. यांना यात कसं धरणार? ह्या ओळी काढून टाका आणि पाचपर्यंत द्या. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तक्ता कधी चुकत नाही."

बाई जागेवर येऊन बसल्या. नाही म्हणता आलं असतं. मग दुसऱ्या कुणी काढल्या असत्या, घाईघाईनं, आणि खालची बेरीज चुकवली असती. लेक तेव्हा पार्सलच्या कचेरीत काट्यासमोर उभी असेल, असं त्यांच्या मनात आलं.

सव्वातीनशे ओळी एकदम काढता येतात. बाईंनी तसं केलं नाही. एकेक वाचली आणि एकेक काढली. आकडा अठ्ठ्याऐंशीवरून हळूहळू चढत गेला. पाचला दहा मिनिटं असताना लेकीची ओळ आली. त्यांनी तीही वाचली, शेवटच्या वाक्यापर्यंत. मग बटण दाबलं. तिच्या जागी खालची ओळ सरकून आली, आणि खाली बेरजेत एक्क्याण्णव उमटलं.