चिंधी बांधलेलं वांगं

"माय वं, माही नोकरी जाते आज!"

अश्विनी सोनाळ्यात घरूनच एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर लिहिते.

"काऊन वं?" तिच्या मायनं, कोकिळाबाईनं, वांगे निवडता निवडता इचारलं.

"बियासाठी राखलेलं वांगं कोनी तोडू नये म्हून तू त्याले चिंधी बांधतं ना? तशी म्या आजाराच्या रकान्याले 'गुप्त' म्हणून खूण केली. अ‍ॅट्रिब्यूट म्हंतेत तिले."

"मंग?"

"प्रोग्रामनं चालताना सोताच ते खूण पाहून रकाना लपवाचा असते, त्या पाहन्याले रिफ्लेक्शन म्हंतेत. तेच लिहाचं राह्यलं. पेशंटाइचे आजार साऱ्याइच्या मोबाईलवर गेले!"

"म्हंजे चिंधी बांधली, अन् तोडणाऱ्या बायाइले सांगतलंच नाही?"

"हो. आता काय करू वं?"

"तोडलेलं वांगं झाडाले चिकटते काय? उरलेले वाचव."

साहेबाचा फोन वाजूनच राह्यला होता. तो न उचलता अश्विनी राहिलेल्या ओळी लिहायला बसली.