कोंबड्याखालच्या रेघा

हे मी घरात कधी बोलले नाही. ज्या सभांमधून मी खरेपणावर तावातावाने बोलते, तिथे तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

माझे बाबा रसायनीला कंपनीत होते. सुट्टीला युनियनची पत्रकं चिकटवत फिरायचे, खळीची बादली माझ्या हातात. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला गेले तेव्हा मीही एक पत्रक लिहिलं — चित्र ही कुणाची देणगी नाही, शिकवलं की ते प्रत्येक हाताला येतं. स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटलं. मग मी तसं का वागले?

सराव पाठ म्हणजे आम्ही शिकाऊंनी खऱ्या शाळेत घ्यायचा तास. मागच्या बाकावर आमचे सर गुण द्यायला बसतात. फळ्यावर हात अडखळला की गुण गेले. म्हणून एक युक्ती चालते — मुलं मैदानात असताना फळ्यावर पेन्सिलीने फिकट चित्र काढून ठेवायचं. लांबून दिसत नाही. मग मुलांसमोर त्यावरून खडू फिरवायचा. सगळ्याच करायच्या — नको, ही सबब झाली. मी केलं.

पोशीरकडची एक शाळा, सहावीचा वर्ग. विषय कोंबडा. तुरा, चोच, मान — एका दमात. पोरं तोंडाचा आ करून बघत होती. शेपटी तेवढी राहिली होती, तेव्हा खिडकीजवळची सुवर्णा उभी राहिली. तिरप्या उजेडात तिला दिसलं होतं.

"बाई, तुमाला आधीच रेघा हायत. आमाला पन द्या ना."

तक्रार नव्हती हो ती. तिला फक्त रेघा हव्या होत्या. पण सरांनी मान वर केली. "हो गं, आहेत" म्हटलं असतं तर काय गेलं असतं? दोन-चार गुण?

मी फळ्याला पाठ टेकली, साडीच्या पदराने हळूच शेपटीची जागा पुसली आणि म्हणाले, "कुठे आहेत? ये, दाखव."

ती आली. शेपटीच्या रिकाम्या जागेवर बोट फिरवत राहिली.

"झोपेत हाय बाई ती!" मागून एकजण ओरडला. वर्ग खिदळला. मी थांबवलं नाही. उलट म्हणाले, "वर्गात खोटं बोलायचं नाही."

ती माझ्या पदराकडे बघत होती. त्यावर पेन्सिलीचा काळा डाग पडला होता. मग म्हणाली, "नाय हायत, बाई."

शेपटी मी रेघांशिवाय काढली. चांगली आली. म्हणजे गरजही नव्हती.

सरांनी शेरा दिला — वर्गावर नियंत्रण उत्तम.

पुढचे पाठही त्याच वर्गावर झाले. मी खडू उचलला की सुवर्णा वहीत मान घालायची. फळ्याकडे बघायचीच नाही.

आता मी खालापूरला चित्रकला शिकवते. मुलं म्हणतात, बाईंच्या हाताला देणगी हाय. मी ऐकून घेते. आणि पहिल्याच तासाला सांगते — नीट बघा, दिसतं तेच काढा.

सुवर्णाला दिसलं होतं. तिने सांगितलंही होतं. खोटं मी बोलले.